जुन्या करवतीला किती घोडे जुंपावेत?



माझ्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून पुष्कळांना वाटले असेल की, हा विषय व्याख्यानमालेचा नसून मोटारी भरून देणाऱ्या दुकानातला आहे. लाकूड कापण्याचे एखादे मोठे, जुने, दुसऱ्याने वापरलेले यंत्र विकत घेतले, तर त्याला किती अश्वशक्तीची मोटार बसवावी, एवढाच तो प्रश्न. दुकानदार त्याचे उत्तर अर्ध्या मिनिटात देतो, आणि त्याच्याकडे जी मोटार शिल्लक असते तीच बहुधा योग्य ठरते. मग त्यावर तासभर बोलायचे काय?

माझे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. इतिहासाचा मी पदवीधर नाही. तथापि वखारीत आणि सुतारी कारखान्यांत कामगारांची गाऱ्हाणी ऐकता ऐकता मी या प्रश्नाच्या मागे मागे जात राहिलो, आणि मला असे आढळून आले की, मोटारीच्या अंगावरील पितळी पट्टीवर जो आकडा कोरलेला असतो, त्याच्यामागे चारशे वर्षांचा इतिहास उभा आहे. करवतीमागे कोणते बळ लावायचे आणि किती, हे ज्या ज्या वेळी ठरवले गेले, त्या त्या वेळी करवतीपुढे उभ्या असलेल्या माणसाचे काय करायचे, हेही ठरवले गेले. बहुतेक वेळा त्या माणसाला न विचारता. हेच मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

दोन माणसांची करवत

यंत्र येण्यापूर्वी ओंडक्याच्या फळ्या पाडण्याची रीत जगभर जवळजवळ एकच होती. ओंडका उंचावर चढवायचा किंवा खड्ड्यावर आडवा टाकायचा, एक माणूस वर, एक माणूस खाली, आणि दोघांच्या मध्ये लांब करवत. वरचा रेषा सांभाळतो, खालचा जोर लावतो आणि दिवसभर डोळ्यांत भुसा झेलतो.

या जोडीचे बळ किती? अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॉटने आपली वाफेची इंजिने विकताना घोड्याच्या कामाशी तुलना केली आणि मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ती, असे माप ठरवले. आजच्या भाषेत ७४६ वॉट. दिवसभर टिकून काम करणाऱ्या माणसाचे बळ त्याच्या सुमारे एक दशांश भरते. म्हणजे करवत ओढणारी जोडी ही एक पंचमांश अश्वशक्तीची होती. हा आकडा ध्यानात ठेवावा, पुढे त्याची गरज लागेल.

परंतु या दुबळ्या बळाचा एक गुण होता. बळ, कसब आणि धोका ही तिन्ही एकाच शरीरात वसत होती. माणूस थकला की करवत थांबत होती. गाठ लागली तर हाताला कळत होते आणि हात आपोआप हलका होत होता. करवतीने आपल्या मालकाचे बोट पुरते तोडण्याआधीच मालक थांबत होता. त्या जीवनात सुख होते असे माझे म्हणणे नाही. ते काम कंबर मोडणारे होते. मला एवढेच सांगायचे आहे की, बळ आणि बोट यांची फारकत तोपर्यंत झाली नव्हती.

वारा, वाफ आणि कैदी

ती फारकत प्रथम वाऱ्याने केली. हॉलंडमधील कॉर्नेलिस कॉर्नेलिसझून या माणसाने १५९३ साली पवनचक्कीवर चालणाऱ्या करवतीचे पेटंट मिळवले. पवनचक्कीचे पाते गोल फिरते, करवतीला तर वरखाली हालचाल हवी. ते काम त्याने वाकड्या दांड्याने, म्हणजे क्रँकने, साधले. पुढच्या शतकात डच लोकांच्या जहाजबांधणीची जी भरभराट झाली, तिच्या मुळाशी या वाऱ्यावरच्या करवतींनी पाडलेल्या स्वस्त फळ्या होत्या.

इंग्लंडात मात्र करवत ओढणाऱ्यांनी या यंत्राला फार काळ शिरकाव करू दिला नाही. लंडनजवळ लाइमहाऊस येथे चार्ल्स डिंग्ली नावाच्या व्यापाऱ्याने पवनचक्कीची करवत-गिरणी उभारली, तेव्हा १० मे १७६८ रोजी सुमारे पाचशे करवत्ये चालून गेले आणि त्यांनी ती मोडून टाकली. पुढच्याच वर्षी, १७६९ साली, तेथील संसदेने गिरण्यांची मोडतोड हा गंभीर फौजदारी गुन्हा ठरवणारा कायदा केला. यंत्राच्या रक्षणाचा कायदा यंत्राबरोबर आला. यंत्रापुढील माणसाच्या रक्षणाचा कायदा यायला आणखी कित्येक पिढ्या जाव्या लागल्या. मोडतोड करणाऱ्यांचे समर्थन मी करीत नाही. पण त्यांना नुसते अडाणी म्हणून सोडून देणेही इतिहासाला धरून होणार नाही. पोटावर आलेली गदा ओळखण्याइतके ते शहाणे होते.

दुसरी पायरी वाफेची. सॅम्युएल बेंथम या इंग्रज अभियंत्याने १७९१ आणि १७९३ साली लाकूडकामाच्या यंत्रांची पेटंटे घेतली. प्रसिद्ध तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम हा त्याचा भाऊ. जेरेमीने एका आदर्श तुरुंगाची योजना आखली होती, आणि त्या तुरुंगातील कैद्यांकडून ही यंत्रे चालवून घ्यावीत, असा या भावांचा बेत होता. कारागिराला कसब असते, कैद्याला ते नसते. मग कसब यंत्रातच भरले तर कैदीही चालेल, असा तो हिशेब. तुरुंग त्या स्वरूपात उभा राहिला नाही, पण विचार वाया गेला नाही. पोर्टस्मथच्या आरमारी गोदीत मार्क ब्रुनेलच्या आराखड्यांवरून हेन्री मॉडस्ले याने जहाजांच्या लाकडी कप्प्या बनवणारी यंत्रे घडवली. वाफेच्या इंजिनावर चालणारी ही सुमारे ४५ यंत्रे होती. ११० कुशल कारागिरांचे काम दहा साधी माणसे करू लागली, आणि १८०८ साली एका वर्षात १,३०,००० कप्प्या तयार झाल्या.

त्याच सुमारास आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानी युद्धनौका बांधल्या जात होत्या. ‘मिंडेन’ १८१० साली आणि ‘त्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली. ही दुसरी नौका आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे जपून ठेवलेली आहे. त्या नौकांमागचे मुख्य बळ सुतारांच्या हातांचे होते. एकाच आरमाराच्या दोन गोद्या, एकीत वाफेचे इंजिन आणि दुसरीत माणसाचा दंड, असे ते चित्र होते.

एका शाफ्टखालचा कारखाना

एकोणिसाव्या शतकात लाकूडकामाची गिरणी जी आकाराला आली, ती कशी होती ते पाहिले पाहिजे. कारण आज जुन्या बाजारात जी थोराड यंत्रे मिळतात, त्यांची घडण त्या गिरणीने ठरवली. इमारतीच्या एका टोकाला इंजिन. छताखालून इमारतीच्या लांबीइतका पोलादी दांडा, म्हणजे लाइनशाफ्ट. त्यावर ओळीने पुल्या, आणि प्रत्येक पुलीवरून खाली उतरलेला कातडी पट्टा एकेका यंत्राला जाऊन मिळालेला. यंत्रावर दोन पुल्या शेजारी शेजारी: एक शाफ्टला घट्ट बसवलेली, दुसरी मोकळी फिरणारी. दांडी सरकवून पट्टा मोकळ्या पुलीवर आणला की यंत्र थांबे, घट्ट पुलीवर सरकवला की हळूहळू वेग घेई.

बँड सॉ, म्हणजे दोन मोठ्या चाकांवरून फिरणारी पट्ट्याची करवत, याच काळातली. विल्यम न्यूबेरी या इंग्रजाने १८०८ साली तिचे पेटंट घेतले. पण अखंड पात्याचा सांधा टिकत नसल्यामुळे ती कल्पना कागदावर पडून राहिली. १८४६ साली फ्रान्समधील ॲन पॉलिन क्रेपॅं या बाईंनी पाते जोडण्याची रीत शोधली, आणि पॅरिसच्या पेरॅं याने ती यंत्रे बाजारात आणली. गोल करवतीपेक्षा या पात्याची जाडी पुष्कळ कमी, म्हणून भुसा कमी आणि बळही कमी लागते. त्यामुळे ओंडके चिरण्याच्या कामात हिने हळूहळू आपली जागा पक्की केली. ओतीव लोखंडाची अवजड चाके आणि बॅबिट धातू ओतून केलेली बेअरिंगे ही त्या जुन्या यंत्रांची ओळख.

लाइनशाफ्टच्या गिरणीत “या यंत्राला किती अश्वशक्ती?” हा प्रश्न कोणी विचारीतच नव्हते. इंजिन सगळ्यांचे एक. एका यंत्राला क्षणभर जास्त जोर लागला, तर तो इंजिनाच्या जड चक्राकडून मिळत असे, आणि फारच ताण आला तर कातडी पट्टा पुलीवर घसरत असे. ती घसरण म्हणजे एक प्रकारची दयाबुद्धीच होती. पण लाइनशाफ्टची क्रूरताही ठाऊक असावी. उघड्या पट्ट्यात सदऱ्याची बाही अडकली, तर एका माणसासाठी सबंध गिरणीचे इंजिन थांबवावे लागे, आणि ते वेळेवर थांबत नसे.

मोटार आली आणि प्रश्न जन्मला

१८८८ साली निकोला टेस्लाला आपल्या विद्युत मोटारीची पेटंटे मिळाली. पुढच्याच वर्षी दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की या अभियंत्याने जर्मनीत तीन फेजची साधी, दणकट मोटार तयार केली, आणि १८९१ साली लाउफेन ते फ्रँकफुर्ट असे १७५ किलोमीटर अंतर वीज तारांवरून नेऊन दाखवण्यात आले. १९०० च्या आसपास अमेरिकेतील कारखान्यांच्या एकूण यांत्रिक बळापैकी विजेचा वाटा सुमारे पाच टक्के होता. १९२९ पर्यंत तो तीन चतुर्थांशांच्या वर गेला. प्रथम मालकांनी इंजिन काढून त्याच जागी एक मोठी मोटार बसवली आणि शाफ्ट तसाच ठेवला. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार देण्याची कल्पना रुजायला वेळ लागला. ती रुजली तेव्हाच प्रत्येक यंत्रापाशी तो प्रश्न उभा राहिला: याला किती?

आपल्याकडे टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना १९१५ साली वीज मिळू लागली. १९४६ साली बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. देशी मोटार मिळू लागल्यावर गावोगावच्या वखारींत वीज पोहोचेल तसतशी इंजिने जाऊन मोटारी आल्या. यंत्रे मात्र पुष्कळ ठिकाणी जुनीच राहिली, कारण ओतीव लोखंडाचा तो सांगाडा दोन-तीन पिढ्या सहज टिकतो. वाफेच्या काळातले शरीर आणि विजेच्या काळातले हृदय असा हा संकर आहे, आणि सगळी अडचण त्या सांध्यात आहे.

पुली हाच दस्तऐवज

जुन्या यंत्राबरोबर माहितीपत्रक येत नाही. बनवणाऱ्या कंपनीचे नाव ओतीव अक्षरांत असते, पण कंपनी केव्हाच बंद झालेली असते. अशा वेळी इतिहासकार जसा शिलालेख वाचतो, तशी यंत्राची पुली वाचावी लागते. बनवणाऱ्याने किती बळ गृहीत धरले होते, हे त्याने पुलीच्या व्यासात आणि रुंदीत लिहून ठेवलेले आहे.

उदाहरण घेऊ. बँड सॉची चाके ४२ इंच व्यासाची आहेत आणि ती मिनिटाला ५०० फेऱ्यांनी फिरावयाची आहेत. चाकाचा घेर सुमारे ११ फूट, म्हणजे पाते मिनिटाला ५,५०० फूट धावेल. अशा करवतीला हा वेग साजेसा आहे. आता यंत्राच्या शाफ्टवरची पुली १८ इंच व्यासाची आहे आणि तिच्यावर पाच इंच रुंदीचा पट्टा बसतो. पुलीचा घेर पावणेपाच फुटांना किंचित कमी, म्हणून पट्ट्याचा वेग मिनिटाला सुमारे २,३५० फूट. जुन्या फिटरांचा ठोकताळा असा की, एक इंच रुंदीचा एकेरी कातडी पट्टा मिनिटाला हजार फूट धावला की एक अश्वशक्ती वाहून नेतो. पाच इंचांच्या पट्ट्याला हा हिशेब लावला तर सुमारे पावणेबारा अश्वशक्ती येते. आपल्या बाजारात त्याच्या जवळची मोटार साडेबारा अश्वशक्तीची मिळते. एक पैसा खर्च न करता, फक्त मोजपट्टीने, शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराचे मत आपल्याला कळले.

हा आकडा शेवटचा शब्द नव्हे. तो बोलण्याची सुरुवात आहे. लागणारे बळ भुशाच्या प्रमाणात वाढते. पात्याचा काप जितका रुंद, लाकूड जितके उंच आणि ते जितक्या वेगाने पुढे सरकवावे, तितके बळ अधिक. सहा इंचांऐवजी बारा इंच उंचीचे लाकूड त्याच वेगाने चिरायचे तर जवळजवळ दुप्पट बळ हवे. लाकडाची जातही पाहावी लागते. सागात वाळूच्या जातीचा सिलिका हा पदार्थ असतो, तो पात्याची धार लवकर मारतो, आणि बोथट पाते अधिक बळ खाते. तेव्हा हलके सुतारी काम असेल तर आकडा खाली येईल, आणि दिवसभर सागाचे ओंडके चिरायचे असतील तर वर जाईल.

बळाइतकाच, किंबहुना अधिक, वेगाचा विचार महत्त्वाचा. आपल्याकडे विजेची आवर्तने सेकंदाला ५० असतात. त्यामुळे चार ध्रुवांची मोटार भाराखाली मिनिटाला सुमारे १,४४० फेऱ्या घेते, आणि दोन ध्रुवांची सुमारे २,८८०. आपल्या उदाहरणातील यंत्राला १,४४० फेऱ्यांच्या मोटारीवर सव्वासहा इंचांची पुली लागेल. आता कोणी स्वस्त मिळाली म्हणून त्याच अश्वशक्तीची, पण २,८८० फेऱ्यांची मोटार आणून तीच पुली चढवली, तर चाके ५०० ऐवजी १,००० फेऱ्या घेतील. फिरणाऱ्या चाकाच्या कडेवरील ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर ताण चौपट. ओतीव लोखंड वाकत नाही, ते एकदम फुटते. पितळी पट्टीवरचा अश्वशक्तीचा आकडा दोन्ही मोटारींवर सारखाच असतो, हे विसरता कामा नये.

परदेशातून आलेल्या जुन्या यंत्रात याच्या उलट गोष्ट घडते. अमेरिकेत आवर्तने ६० असतात. तिकडची मोटार आपल्या विजेवर चालवली तर वेग पाच षष्ठांशांवर उतरतो, आणि बळही त्याच प्रमाणात कमी धरावे लागते. बारा अश्वशक्ती लिहिलेली मोटार दहाची समजावी.

कमी बळाचा बळी

आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. बळ कमी पडले तर काय होते? यंत्र सावकाश काम करते, असे सामान्य माणसाला वाटेल. तसे होत नाही. कमी पडलेले बळ कोणी तरी भरून काढतो, आणि तो यंत्रासमोर उभा असलेला माणूस असतो.

पश्चिम महाराष्ट्रातील एका वखारीत, जिचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, वर सांगितलेल्या जातीच्या यंत्राला पाच अश्वशक्तीची मोटार बसवलेली होती. मंजूर भार वाढवला तर विजेचा स्थिर आकार वाढेल, हे त्यामागचे कारण. जाड ओंडका लागला की मोटार दमे आणि ताण ओळखून वीज तोडणारा रिले खटकन बंद पडे. दिवसातून दहा वेळा तसे होऊ लागले, तेव्हा कोणी तरी तारेचा तुकडा लावून रिलेच निकामी केला. मग पाते मंद झाले की कामगाराने मांडीचा जोर लावून ओंडका पुढे रेटायचा, ही रीत पडली. एके दिवशी गाठ एकाएकी सुटली, ओंडका पुढे गेला आणि मागोमाग हात गेला. दोन बोटे गेली.

“कामगार निष्काळजी होता,” असे मालकाच्या बाजूने सांगण्यात आले. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात साधा निष्काळजीपणा हा बचाव नव्हता, म्हणून भरपाई मिळाली. त्या कायद्याच्या परिशिष्टात शरीराचे दर दिलेले होते: अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के, सबंध तर्जनी १४ टक्के, एका हाताची दोन बोटे २० टक्के. आम्ही भरपाई घेतली, आणि त्याबरोबर आणखी एक मागणी केली: मोटार बदला. मालकाला प्रथम ती मागणी विचित्र वाटली. पगारवाढ, बोनस, रजा हे युनियनचे विषय. मोटार हा युनियनचा विषय कसा? मी त्यांना एवढेच म्हणालो, “साहेब, साडेसात घोडे तुम्ही वाचवलेत, ते या माणसाच्या मांडीतून वसूल केलेत.” मोटार बदलली गेली.

मोठी मोटार म्हणजे मोठे वीजबिल, हा समजही तपासून घ्यावा. मोटार आपल्या पट्टीवरचा आकडा सतत खात नाही; काम जेवढे मागेल तेवढीच वीज ती मुख्यतः घेते. फार मोठी मोटार सदा रिकामी फिरवली तर तिचा पॉवर फॅक्टर खालावतो, हे खरे. म्हणून गरजेपेक्षा एक पायरी वर जावे, तीन पायऱ्या नव्हे.

जास्त बळाची जबाबदारी

पण अधिक बळ म्हणजे अधिक सुरक्षितता, असेही समीकरण नाही. सुरुवातीला एक आकडा ध्यानात ठेवण्यास सांगितला होता. करवत ओढणारी जोडी एक पंचमांश अश्वशक्तीची. म्हणजे साडेबारा अश्वशक्तीची मोटार बासष्ट जोड्यांच्या बळाची. सव्वाशे माणसे एका पात्यामागे उभी आहेत आणि पात्यापुढे एक माणूस आहे. त्या सव्वाशांपैकी एकालाही त्याचे बोट दिसत नाही. जुना कातडी पट्टा घसरून थोडी दया दाखवीत होता. आजचे व्ही-पट्टे आपल्या खाचांत घट्ट बसतात आणि सहसा घसरत नाहीत.

म्हणून मोटारीची निवड करताना तीन गोष्टी तिच्याबरोबरच ठरल्या पाहिजेत. पहिली, सुरू होण्याची. अवजड चाकांना वेग देताना मोटार थेट जोडली तर ती नेहमीच्या सहा-सात पट विद्युत प्रवाह ओढते. स्टार-डेल्टा स्टार्टरने तो एक तृतीयांशावर येतो, पण सुरुवातीचा जोरही एक तृतीयांशच राहतो; जड चाकांचे यंत्र मग रेंगाळते आणि मोटार तापते. आता विजेची आवर्तने बदलणारी इलेक्ट्रॉनिक साधने मिळतात; ती यंत्राला हळुवार उठवतात. पण त्यांच्यात वेग वाढवण्याची कळही असते. ती कळ कमाल मर्यादेला कुलूपबंद करावी.

दुसरी गोष्ट थांबण्याची. बटण दाबले म्हणजे यंत्र थांबले, असे नव्हे. मोठी चाके वीज तोडल्यावरही मिनिटामागून मिनिटे फिरत राहतात, आणि ती आवाज न करता फिरतात. जितकी मोटार सबळ, तितका ब्रेकही सबळ हवा.

तिसरी गोष्ट भुशाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या बारीक धुळीला मानवाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. पूर्वी खालचा माणूस डोळ्यांत भुसा झेलीत होता, आज यंत्रापुढचा माणूस तो छातीत घेतो. भुसा ओढणाऱ्या पंख्याची मोटार ही चैन नसून करवतीच्या मोटारीचाच भाग आहे, असे समजून विजेचा भार मागावा.

कायदा आणि कळ

शेवटी कायद्याकडे वळतो. आपल्या देशात यांत्रिक बळ आणि कामगाराचे हक्क यांचा संबंध कायद्याच्या व्याख्येतच गुंफलेला आहे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने यांत्रिक बळ वापरणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या जागेलाच कारखाना म्हटले. १८९१ साली ती संख्या पन्नासावर आली आणि १९२२ साली वीसवर. १९४८ च्या कायद्याने बळ असेल तर दहा आणि नसेल तर वीस अशी मर्यादा घातली; यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालणे आणि बळ तोडण्याचे साधन ठेवणे, ही बंधने त्या कायद्यात होती. म्हणजे दहा माणसांच्या सुतारशाळेत मोटार बसली की, त्याच दिवशी ती कायद्याच्या दृष्टीने कारखाना होत असे. मोटारीची कळ आणि हक्काची कळ एकाच पेटीत होती.

सदुसष्ट वर्षे ती संख्या खाली खाली येत गेली होती. संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या संहितेने ती वर नेली: बळ असेल तर वीस, नसेल तर चाळीस. त्या संहितेतील काही बंधने दहा कामगारांच्या आस्थापनेलाही आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु पंधरा माणसांची करवत-गिरणी ‘कारखाना’ या शब्दाबाहेर गेली, हेही तितकेच खरे. त्या पंधरांच्या पुढे फिरणारे पाते मात्र पूर्वीइतक्याच वेगाने फिरते.

इंग्लंडात १९२२ साली लाकूडकामाच्या यंत्रांसाठी स्वतंत्र नियम झाले. हाताने लाकूड सरकवायच्या रंधा-यंत्रात चौकोनी लाट वापरू नये, गोलच वापरावी, असे त्यांत सांगितले होते. चौकोनी लाटेच्या कोपऱ्यात अख्खा पंजा ओढला जाई. गोल लाटेत बोटाचे टोक जाऊन हात वाचे. एवढ्या बारीक गोष्टीसाठी कायदा करावा लागला, कारण लाट निवडणाऱ्याचा हात त्या यंत्राखाली कधीच जात नव्हता. जुने रंधा-यंत्र घेणाऱ्याने मोटारीआधी त्याची लाट पाहावी, असे मी सुचवीन.

तेव्हा किती घोडे जुंपावेत, या प्रश्नाला माझे उत्तर असे: पुली मोजा, वेगाचा हिशेब करा, रोज कोणते लाकूड किती जाडीचे चिरायचे ते लिहून काढा, आणि मग जो माणूस त्या पात्यापुढे उभा राहणार आहे, त्याला बोलावून विचारा की, बाबा, कुठे रेटावे लागते? दुकानदार, वायरमन आणि मालक अशा तिघांच्या बैठकीत ठरणारी ही गोष्ट चौथ्या माणसाशिवाय पुरी होत नाही. लाइमहाऊसच्या करवत्यांना कोणी विचारले नाही, पोर्टस्मथच्या कारागिरांना विचारले नाही. आपल्या वखारीत तसे विचारण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही, आणि त्याला खर्च येतो तो एका कप चहाचा.